जोडी बघायची तर उभा आहे त्याच्याकडे बघ

प्रश्न कुडाळकडच्या एका मुलीचा आहे. ती भरतनाट्यम शिकते, सध्या मैत्रिणीबरोबर दोघींची एक रचना बसवतेय आणि रात्री मोबाइलवर बॅले बघते. तिनं लिहिलंय : "काका, तुम्ही दशावतारात इतकी वर्षं स्त्रीपार्टी केलीत आणि बॅलेचं वेडही तुम्हाला आहे. मला सांगा, दोन चांगले नर्तक आणि एक चांगली जोडी यातला फरक ओळखायचा कसा? सगळे म्हणतात, बॅलेत फॉन्टेन आणि नुरेयेव यांच्यासारखी जोडी पुन्हा झाली नाही. मी त्यांचे जुने व्हिडिओ बघितले. मला तसं काही वाटलं नाही. माझं चुकतंय का?"

बाय, तुझं चुकत नाही. १९६४ साली व्हिएन्नात या दोघांच्या 'स्वान लेक' या बॅलेनंतर लोकांनी त्यांना ८९ वेळा पडद्याबाहेर बोलावलं, त्याचा विक्रम म्हणून बोलबाला झाला. पण तो त्या सभागृहात बसलेल्यांचा अनुभव. तुझ्या वाट्याला आला तो तळहाताएवढा, कॉपीवरून कॉपी होत आलेला तुकडा. त्यात तुला काही वाटलं नाही म्हणून स्वतःला अडाणी ठरवू नकोस. मला त्यांच्यातलं काही दिसायला दहाएक वर्षं लागली, आणि आजही माझी सगळ्यात लाडकी जोडी ती नाहीच. त्याकडे येतो.

आधी माझा अधिकार किती ते सांगून टाकतो. मी बॅलेचं एक पाऊलही नाचलेलो नाही. अठ्ठावीस वर्षं दशावतारात लुगडं नेसलो. तारामती, द्रौपदी, मंदोदरी, सावित्री. दिवसा नांगर, रात्री बांगड्या. बॅले पहिल्यांदा बघितला तो ऐंशीच्या दशकात, वाडीतल्या एकुलत्या एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर, शेजाऱ्यांच्या पडवीत. कुठलीशी रशियन मंडळी हंसिणी होऊन नाचत होती. माझी आजी सुपारी कातरत म्हणाली, "ह्यां काय रे? बगळे कित्याक नाचतत?" सगळे हसले. मीही हसलो, पण नजर हलली नाही. त्या हंसिणीच्या मागे एक माणूस उभा होता. तो जवळजवळ काहीच करत नव्हता आणि सगळं त्याच्यामुळे चाललं होतं. मी त्या वर्षी नवा स्त्रीपार्टी होतो आणि माझ्या मागे उभा राहणारा माणूस मला नुकताच भेटला होता. म्हणून मला ते दिसलं असेल. पुढे माझा मावसभाऊ बोटीवर लागला. तो येताना इतरांना परफ्युम आणायचा आणि मला व्हीएचएस कॅसेट. तेवढंच माझं शिक्षण.

आता तुझा मुख्य प्रश्न. जोडी आहे की नुसते दोघे आहेत हे बघायचं असेल तर जो नाचतोय त्याच्याकडे बघू नकोस. त्या क्षणी जो नाचत नाही त्याच्याकडे बघ.

बॅलेतल्या दोघांच्या नाचाला 'पा द दो' म्हणतात. जुन्या बॅलेमध्ये त्याचा साचा ठरलेला असतो : दोघांचा प्रवेश, मग संथ भाग, मग त्याचा एकट्याचा नाच, मग तिचा एकटीचा, आणि शेवटी दोघांचा वेगवान भाग. टाळ्या पडतात एकट्याच्या नाचांना आणि शेवटच्या गिरक्यांना. जोडी दिसते संथ भागात. तिथे पुरुष बहुतेक वेळ तिच्या मागे उभा असतो, आणि नवा प्रेक्षक म्हणतो, हा तर हमाल. मीही म्हणायचो.

त्या हमालाचे हात जवळून बघ. ती एका पायाच्या अंगठ्यावर उभी राहून गिरकी घेते, त्याला पिरुएट म्हणतात. एकटीनं तीन घेत असेल तर त्याच्या हातात सहा-सात होतात. तो तिला फिरवतो म्हणून हे होतं असं वाटतं. तो फिरवत नाही. त्याचे तळवे तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, जेमतेम टेकलेले. तिची कंबर त्या तळव्यांच्या मधून फिरत राहते, कुंभाराच्या हातातून मडकं फिरावं तशी. ती किंचित उजवीकडे कलली की उजवा तळवा तिला परत उभं करतो, तेही इतकं हळू की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. नवशिका घाबरतो आणि धरतो. धरलं की गिरकी मेली. आणि ज्याला तिचा तोल आधी कळत नाही त्याची एक खूण असते : शेवटच्या गिरकीला त्याचे पाय हलतात. तिला सावरायला तो अर्धं पाऊल बाजूला घेतो. पुढच्या वेळी फक्त त्याचे पाय बघ, तिची गिरकी बघूच नकोस.

दुसरं एक बघ. ती एका अंगठ्यावर, दुसरा पाय मागे उचललेला, आणि तो तिचा एक हात धरून तिच्याभोवती चालत फिरतो. शाळेतलं कर्कटक आठव. ती टोक, तो पेन्सिल. त्याचं वर्तुळ जराही वाकडं गेलं, एक पाऊल लांब पडलं, की टोक सरकलं. म्हणजे तो नुसता चालतोय, आणि त्या चालण्यावर तिचा सगळा डोलारा.

उचलण्याचं म्हणशील तर तिथेही लोक त्याच्या दंडाकडे बघतात. उचलणं हे निम्मं तिचं काम. ती गुडघ्यात वाकून उडी घेते, ती उडी हवेत असतानाच तो ती आपल्या हातात घेतो आणि वर नेतो. तिनं उडी घेतली नाही तर पन्नास किलोचं पोतं. त्यानं क्षणभर उशीर केला तर उडी वाया जाऊन पुन्हा पोतंच. मालवणला किनाऱ्यावर रापण ओढताना बघितलंयस ना? दोन दोरांवर दोन टोळ्या, मधे हाकेच्या अंतराचा समुद्र, कुणी 'एक दोन तीन' म्हणत नाही, आणि तरी दोन्ही दोर सारखे येतात, कारण एक बाजू पुढे आली तर मासळी दुसरीकडून निसटणार हे सगळ्यांच्या हातांना ठाऊक असतं. उचलण्यापेक्षा मला खाली उतरवणं जास्त अवघड वाटतं. वर जाताना टाळ्या असतात. खाली येताना त्याच्या पाठीत कळ येत असते आणि तिच्या बुटाचा आवाज मात्र होऊ द्यायचा नसतो. मोबाइलवर हा आवाज ऐकूच येत नाही. मुंबईत एकदा प्रत्यक्ष बॅले बघितला, वरच्या स्वस्त रांगेतून. पहिला धक्का बसला तो त्या आवाजाचा. कागद-कापडाचे थर डिंकासारख्या खळीनं घट्ट केलेलं त्या बुटांचं टोक लाकडावर टकटक वाजतं. हंसिणींचा थवा धावत आला तेव्हा कौलांवर पाऊस आल्यासारखं वाटलं. मुख्य हंसिणीला तो खाली ठेवायचा तेव्हा मात्र काहीच ऐकू यायचं नाही. त्या आवाज नसण्यासाठी मी तिकिटाचे पैसे दिले असं मी मानतो.

आमच्याकडे तर हात लावायचीही सोय नाही. देवळाच्या आवारात घोंगडी टाकून सगळं गाव बसलेलं, सासू, सून, नातवंडं. राजा राणीच्या फार तर बोटांना बोटं लावणार. लुगड्यातला माणूस पुरुष आहे हे सगळ्यांना माहीत, तरीही. लिखित संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे सुचतील ते. एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तेच स्मशानातला दगड. अशात जोडी जमवायची ती फक्त ऐकण्यातून. माझ्या राजपार्टीला, म्हणजे माझ्यासमोर राजाचं काम करणाऱ्याला, आम्ही तात्या म्हणत असू. आवाज बेताचा, नाक बसकं, टोप घातला की कान बाहेर यायचे. एकटा असता तर त्याला कुणी राजा म्हटलं नसतं.

एका जत्रेत हरिश्चंद्राचं आख्यान. पहाटेचे साडेतीन, दंव पडतंय, निम्मा गाव पेंगतोय. स्मशानाचा प्रवेश. मांडीवर मेलेला रोहिदास, समोर डोंबाचा चाकर झालेला हरिश्चंद्र कर मागतोय, आणि मी कोरा. शब्दच येईना. दुसरा कुणी असता तर त्यानं ती पोकळी आपल्या चार ओळींनी भरली असती, आणि लोक म्हणाले असते, वा, सांभाळून घेतलं. तात्यानं काही भरलं नाही. हातातली काठी त्यानं उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. एवढंच. मग माझ्याकडे पाठ केली आणि उभा राहिला. पेटीवाल्या बुवांनी एक सूर धरून ठेवला. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण पेंगणारे उठून बसले. त्या पाठीकडे बघता बघता मला कळलं की तारामती काय म्हणेल. सकाळी लोक मला सांगत होते, काय तुझं ते मौन! तात्या तेव्हा चहावाल्याशी पैशांवरून वाद घालत होता.

पुढे तात्या थकला आणि मला दुसरा राजपार्टी मिळाला. उंच, देखणा, गळा असा की माईकची गरज नाही. एकेकट्याचं माप घेतलं तर तात्याच्या दुप्पट कलाकार. मी बोलायला लागलो की तो टोप सारखा करायचा. शेल्याची घडी बघायचा. माझं वाक्य संपण्याची वाट बघत असायचा. मी काय म्हणतोय याची नव्हे. तीन हंगाम एकत्र काढले, लोकांना आम्ही आवडत होतो, मानधनही वाढलं. जोडी कधी झाली नाही. त्याचा दोष म्हणून सांगत नाही, मीही त्याच्यासाठी थांबायला शिकलो नाही.

म्हणून मला बॅलेतली 'स्लीपिंग ब्यूटी' बघताना त्या चार राजपुत्रांची फार मजा वाटते. १८९० सालचा बॅले, संगीत चायकोव्हस्कीचं, नृत्यरचना पेतिपाची. राजकन्येचा सोळावा वाढदिवस, चार स्थळं आली आहेत. ती एका पायाच्या अंगठ्यावर उभी, एक राजपुत्र हात धरतो, ती सोडते, दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकटी तोल धरते, मग पुढच्याच्या हातात हात देते. सगळं जग तिचा तोल मोजतं. त्या राजपुत्रांचं काम एकच : तिचा हात खाली येईल तेव्हा, ती बघणार नाही अशा जागी, आपला हात आधीच असला पाहिजे. इंचभरही पुढे नाही, मागे नाही. उशिरा पोहोचणारा राजपुत्र लगेच कळतो. तिचा हात हवेत काहीतरी शोधतो. ताणलेल्या तारेसारखा तिचा चेहरा बघण्यापेक्षा ती चार पोरं बघ. जरा दयाही येते त्यांची.

आणि 'स्वान लेक'मधल्या दुसऱ्या अंकातला तो प्रसिद्ध संथ नाच, व्हायोलिनवर ती आणि मग चेलो येऊन मिसळतो तो, हा मुळात दोघांचाही नव्हता हे तुला माहीत आहे का? १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला तो आज ओळखीचा असलेल्या रूपात उभा राहिला तेव्हा राजपुत्राचं काम करणारे पावेल गेर्ट पन्नास वर्षांचे होते. हंसिणीला पेलायला राजपुत्राचा मित्र बेन्नो मदतीला असे. ती मागे पडायची ती राजपुत्राच्या नव्हे, मित्राच्या हातात. म्हणजे जगातला सगळ्यात प्रेमाचा मानला जाणारा नाच तिघांनी मिळून सुरू केला. हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो. आमच्याकडेही साठीचे राजे असतात, आणि युद्धाचा नाच आला की प्रधान पुढे होतो.

आता फॉन्टेन आणि नुरेयेव. २१ फेब्रुवारी १९६२, लंडनचं रॉयल ऑपेरा हाउस, बॅले 'जिझेल'. मार्गो फॉन्टेन बेचाळीस वर्षांची. या वयात बॅलेरिनांना लोक निरोपाचे हार घेऊन उभे असतात. रुडॉल्फ नुरेयेव तेवीस वर्षांचा, आठ महिन्यांपूर्वी पॅरिसच्या विमानतळावर सोव्हिएत मंडळींना सोडून पळालेला. आता 'जिझेल'ची गोष्ट आठव : दुसऱ्या अंकात ती मेलेली आहे, आणि ज्यानं तिला फसवलं तो तिच्या कबरीवर फुलं घेऊन येतो. शांत, सगळं आयुष्य नाचून बसलेली बाई आणि अंगात वारं भरलेला पोरगा. त्या दोघांच्या वयातलं अंतर तिथे झाकायची गरजच नव्हती, ते गोष्टीच्या कामाला आलं. ती त्याच्याहून एका जगानं लांब आहे हे बघणाऱ्याला खरंच वाटलं.

माझं मत विचारशील तर तो फार सांभाळून घेणारा जोडीदार नव्हता. स्वतःकडे लोकांची नजर ओढून घेण्याचं वेड त्याच्यात भरपूर. पण एक गोष्ट बघ, आणि ती बघायला १९६६ साली चित्रित झालेला त्यांचा 'स्वान लेक' पुरेल : ती स्थिर होते तेव्हा तो श्वास थांबवल्यासारखा उभा राहतो. इतका हावरा माणूस तिच्यासमोर थांबतो. बाकी कुणासमोर तो थांबताना मला दिसला नाही. लोकांनी ८९ वेळा बोलावलं ते त्या थांबण्याला, असं मी आपलं समजतो. पुढे फ्रेडरिक ॲश्टननं १९६३ साली खास या दोघांसाठी 'मार्गेराइट अँड आर्मा' बसवला, संगीतकार लिस्टच्या पियानो सोनाटावर. मरणाला टेकलेली गणिका आणि तिचा तरुण प्रियकर. त्यात त्या तरुणाच्या बापाचं काम कुणी केलं? मायकेल सोम्सनं. फॉन्टेनचा आधीचा जोडीदार. कालचा राजपार्टी आज ऋषी, हे आमच्याही पेटाऱ्यातलंच नशीब आहे.

याच जोडीचं एक काम मला आजही पचत नाही. केनेथ मॅकमिलननं 'रोमिओ अँड ज्युलिएट' बसवला तो लिन सिमूर आणि ख्रिस्तोफर गेबल यांच्या अंगावर. प्रत्येक लवणं, प्रत्येक पडणं त्या दोघांच्या शरीरातून निघालेलं. ९ फेब्रुवारी १९६५ ला पहिला प्रयोग झाला तेव्हा मात्र पडदा वर गेला तो फॉन्टेन आणि नुरेयेव यांच्यावर. नाव मोठं, अमेरिकेचा दौरा तोंडावर, तिकिटं विकायची. त्या रात्रीही टाळ्या थांबेनात, ४३ वेळा पडद्याबाहेर यावं लागलं. पण त्यांचं चित्रीकरण बघताना मला नेहमी वाटतं की बाई दुसरीच्या मापाचं पोलकं घालून आली आहे. सुंदर दिसतंय, शिवण कुठे तरी ओढतेय. जोडी हे मापाचं काम आहे. मोठं नाव तिथे उपयोगाचं नसतं.

मग माझी लाडकी जोडी कोणती? अँटोनेट सिब्ली आणि अँथनी डॉवेल. दोघं रॉयल बॅलेचीच. १९६४ साली ॲश्टननं 'द ड्रीम'मध्ये त्यांना परीराणी आणि परीराजा केलं. दोघांच्या अंगाची रेघ एक. तिचा हात जिथे संपतो तिथून त्याचा सुरू झाल्यासारखा. भांडण मिटल्यावरचा त्यांचा शेवटचा नाच शोधून बघ, त्यात कुणी कुणाला आधार देत नाही असं वाटतं, आणि दोघं एकमेकांशिवाय उभी राहू शकणार नाहीत असंही. त्यांच्यात आग नाही म्हणणारे लोक आहेत. असू देत. आग बघायची असेल तर मॉस्कोच्या बोल्शोई बॅलेचे व्लादिमिर वासिल्येव आणि एकातेरिना माक्सिमोवा बघ, नवरा-बायको, १९६८ सालचा 'स्पार्टाकस'. तो तिला एका हातावर डोक्याच्या वर नेतो आणि तसाच उभा राहतो. आजच्यांत मारियानेला नुन्येझ आणि वादिम मुंतागिरोव. तो मुलगा थांबतो फार सुंदर.

आणि एक बाई अशी, जिच्यापुढे हे सगळं फिकं पडतं. क्यूबाची अलिसिया अलोन्सो. विशीच्या आसपास तिच्या डोळ्यांचे पडदे सुटले. शस्त्रक्रिया झाल्या, महिनोन् महिने डोकं न हलवता पडून राहायचं. नवरा फर्नांडो शेजारी बसून तिच्या हातावर बोटांनी 'जिझेल'ची पावलं नाचायचा. तिनं अख्खा बॅले बोटांत पाठ केला. १९४३ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला आजारी अलिसिया मार्कोवाच्या जागी तिला उभं केलं आणि पुढे 'जिझेल' म्हणजे ती असं झालं. दृष्टी परत पुरती आलीच नाही. रंगमंचावर कुठे आहोत ते कळावं म्हणून तिच्यासाठी रंगीत, प्रखर दिवे लावत. आणि जोडीदारांना एकच नियम : ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी असायचं. ती बघून हात देणार नव्हती. ती हात देणार, तो तिथे असला पाहिजे. इगोर युस्केविच तिच्याबरोबर वर्षानुवर्षं नाचला. त्याचं नाव लोकांना चटकन आठवत नाही, यावरून त्यानं काम कसं केलं असेल याचा अंदाज कर.

मला तिचं थोडंसं कळतं. आमच्या वेळी देवळात गॅसबत्त्या असत, एक नेमकी डोळ्यांच्या रेषेत टांगलेली. पहिल्याच हंगामात मी वळलो आणि पांढऱ्याशिवाय काही दिसेना. पुढे पाऊल टाकावं तर खाली पोरं झोपलेली. कानाशी तात्याचा आवाज आला, हरिश्चंद्राच्या शुद्ध भाषेत राजनीतीवर काहीतरी मोठ्यानं बोलता बोलता मध्येच हळू : "घाबरा नको, मी हय आसंय." मी त्या आवाजाकडे दोन पावलं टाकली. नंतर तो कायम माझ्या उजव्या हाताला उभा राहायचा, बाकड्याजवळ. का ते कधी बोलला नाही.

दोघांचं जमायला वर्षं लागतात असा मात्र नियम करू नकोस. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं तेव्हा बालगंधर्व आणि केशवराव भोसले दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक होते. भामिनी आणि धैर्यधर. ते आयुष्यभराचे जोडीदार नव्हते, उलट लोक कोण कोणाला खातो ते बघायला आले होते. त्या रात्रीबद्दल मराठी माणूस शंभर वर्षांनंतरही बोलतोय. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. काही जोड्या एवढ्याच असतात.

आता तुझ्या रचनेबद्दल. तू लिहिलंयस की तुम्ही दोघी अगदी एकसारख्या नाचता, गुरूंनीही शाबासकी दिली. एकसारखं नाचणं ही कवायत झाली, चांगली झाली असेल. भरतनाट्यम मुळात एकटीचं. नायिका समोर नसलेल्या नायकाशी बोलते, आणि तो नसलेला नायक ती आपल्या नजरेनं उभा करते. ही तुमच्याकडची मोठी देणगी आहे, बॅलेवाल्यांना ती नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल आधी बॅले शिकत होत्या, आणि आपल्या मातीतला नाच शोध असं त्यांना रशियन बॅलेरिना ॲना पावलोवानं सुचवलं, ही गोष्ट तुझ्या गुरूंनी सांगितली असेलच. पुढे त्यांच्याच कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेतून धनंजयन पती-पत्नी आले आणि भरतनाट्यममध्ये जोडी कशी दिसते ते लोकांनी बघितलं. त्यांना बघ. पण तुमच्या रचनेत तू नाचत असताना मैत्रीण काय करते, हे तू अख्ख्या पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस. ती उभी असते का? कुठे बघते? तुझी जती चालू असताना ती आपल्या पुढच्या प्रवेशाचे आकडे मनात मोजत असेल तर प्रेक्षकाला ते तिच्या मानेवरून कळतं.

एक सराव करा. पाठीला पाठ लावून, हात न वापरता, दोघींनी एकदम खाली बसायचं आणि एकदम उठायचं. पहिल्या दिवशी आपटाल. रोज दहा वेळा करा. मग तुमची रचना संगीताशिवाय करा, तालही मोठ्यानं म्हणायचा नाही. जिथे चुकाल तिथे एकमेकींना दोष द्यायच्या आधी कोण कोणासाठी थांबली नाही ते बघा.

बॅलेचे व्हिडिओ बघताना चेहऱ्याची जवळची दृश्यं आली की मला राग येतो. त्या कॅमेऱ्यावाल्याला वाटतं प्रेम डोळ्यांत आहे, आणि तेवढ्यात तिकडे तिचा पाय जमिनीला टेकतो आणि आपण तो क्षण हुकवतो. आणि ते बत्तीस फुएते, 'स्वान लेक'मधल्या काळ्या हंसिणीच्या एका पायावरच्या सलग गिरक्या, त्यांचे तुकडे मोजत बसण्यात रात्र घालवू नकोस. पिएरिना लेन्यानीनं एकदा करून दाखवल्या, त्यानंतर सव्वाशे वर्षं लोक आकडा मोजताहेत आणि राजपुत्र बाजूला उभा राहून काय करतोय ते कुणी बघत नाही. बघ एकदा. काहीजण चक्क घाम पुसतात.

त्रिपुरीनंतर जत्रा सुरू होतील. आमच्या गावचा धयकालो, म्हणजे जत्रेतला दशावतार, बघायला ये, खाजं मी घेऊन देईन. आमच्याकडे पडदा नसतो, पहाटे दहीहंडी फुटली की लोक उठून चहाकडे जातात, तेव्हा ८९ वेळा कुणाला बोलावण्याचा प्रश्न येत नाही. तोवर तुमच्या सरावाचा व्हिडिओ पाठव. पण मोबाइल लांब ठेवा, चौघी बहिणी एका रांगेत बसवून फोटो काढतात तितका लांब. दोघींचे पाय पूर्ण दिसले पाहिजेत, आणि जी उभी आहे तीही.